डिसेंबरचा बहर, जुलैचे पाणी

अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत डिसेंबर उजाडला की बागा ओक्याबोक्या होतात. मेपल आणि डॉगवुड निष्पर्ण झालेले असतात, अंगणातली हिरवळ वाळून गव्हाळ पडलेली असते. नेमक्या याच दिवसांत उंच पाइनच्या सावलीत किंवा घराच्या उत्तर बाजूला गर्द, चकचकीत पानांचे एक झुडूप लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांनी लगडते. हे झुडूप कॅमेलियाचे. मूळचे ते पूर्व आशियातले, पण अमेरिकेच्या दक्षिणेने त्याला इतके आपलेसे केले, की अलाबामाने १९५९ साली गोल्डनरॉडचा मान काढून कॅमेलियाला राज्यपुष्प केले. १९४५ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन कॅमेलिया सोसायटी’चे मुख्यालयही जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅलीजवळ, मॅसी लेन उद्यानात आहे.

अटलांटा, शार्लट, रॅली या शहरांच्या उपनगरांत आता मराठी घरे पुष्कळ आहेत. घरासोबत अंगण येते आणि त्या अंगणाचा एखादा कोपरा असा निघतो, की तिथे धड गवतही येत नाही. गुलाबाला ऊन हवे, जास्वंदीला ऊन हवे, तुळशीला तर हवेच हवे. मग त्या सावलीच्या कोपऱ्यात काय लावायचे? हिवाळ्यात फुलणारा कॅमेलिया हे या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर आहे. मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. डिसेंबरात उमलणारे फूल आदल्या उन्हाळ्यातच ठरलेले असते. लावणीची जागा, हुंडीची (म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याची) उंची आणि जुलै-ऑगस्टमधले पाणी या तीन बाबी साधल्या तर बाकीचे झाड स्वतःच करते. त्या चुकल्या तर डिसेंबरात काहीही केले तरी उपयोग नसतो.

चहाच्या कुळातले झाड

कॅमेलिया आपल्याला वाटते तितका परका नाही. आपण रोज पितो तो चहा याच प्रजातीतल्या एका झाडाच्या पानांचा. त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. लिनिअसने १७५३ साली चहा आणि कॅमेलिया यांना दोन वेगळ्या प्रजाती मानले होते आणि कॅमेलियाला नाव दिले ते फिलिपाइन्समधल्या वनस्पतींचा अभ्यास करणारे जेझुइट पंथीय गेओर्ग योझेफ कामेल यांचे. पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना दोन्ही झाडांच्या फुलांत प्रजाती वेगळी मानण्याइतका फरक दिसेना, म्हणून त्यांनी चहालाही कॅमेलियात आणून बसवले. न खुडलेल्या चहाच्या झुडपाला शरदात आणि हिवाळ्यात पांढरी, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असलेली फुले येतात. ती पाहिली, की हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आसामी चहाखेरीज या प्रजातीतल्या आणखी काही जाती पूर्व हिमालयात रानटी वाढतात. पांढऱ्या फुलांचा कॅमेलिया किसी हा त्यांतलाच एक.

हे नाते बागेतही कामाला येते. चहाचे मळे कुठे आहेत, ते आठवून पाहा. आसाम, दार्जिलिंग, निलगिरी, मुन्नार. पाऊस भरपूर, माती आम्ल, पण उतारामुळे किंवा चरांमुळे पाणी कुठेही साचत नाही. निलगिरीत चहाच्या ओळींमध्ये सिल्व्हर ओक उभे असतात आणि आसामात शिरीषाच्या जातीची उंच झाडे. उन्हाचा दाह या झाडांनी गाळला जातो आणि खालच्या झुडपाला मवाळ उजेड मिळतो. आम्ल माती, न साचणारे पाणी आणि वरून गाळून येणारे ऊन हीच कॅमेलियाचीही मागणी असते. मळ्यात दरवर्षी छाटणी करून चहाला फुलू दिले जात नाही, तर बागेत सगळी खटपट फुलासाठी. फरक असलाच तर एवढाच.

हिवाळ्यात फुलायचे कशाला?

थंडीत फुले येण्यामागे निसर्गाचा हिशेब आहे. जपानच्या जंगलांतल्या कॅमेलिया जापोनिकाला ऐन हिवाळ्यापासून वसंतापर्यंत फुले येतात. त्या काळात मधमाश्या आणि फुलपाखरे जवळजवळ नसतात, पक्षी मात्र असतात. परागीभवनाचे काम मुख्यतः मेजिरो नावाचा इवलासा पक्षी करतो. हा आपल्याकडच्या चष्मेवाल्याचा सख्खा भाऊबंद, डोळ्यांभोवती तसेच पांढरे कडे असलेला. पक्ष्यांना लाल रंग चटकन दिसतो, वासाशी त्यांना फारसे कर्तव्य नसते आणि पोट भरायला मध मात्र पुरेसा लागतो. म्हणून रानातल्या जापोनिकाचे फूल लाल, जवळजवळ गंधहीन आणि मधाने भरलेले असते. पाकळ्या आणि पुंकेसर बुडाशी एकमेकांना घट्ट जोडलेले असतात, त्यामुळे पक्ष्याने चोच खुपसली तरी फूल विस्कटत नाही. ओसरलेले फूल अख्खे गळून पडते, तेही या जोडणीमुळेच.

दक्षिण जपानातला कॅमेलिया ससांक्वा वेगळ्या वाटेने गेला. तो ऑक्टोबर ते डिसेंबरात, म्हणजे कीटक पुरते नाहीसे होण्याआधी फुलतो. त्याची फुले लहान असून त्यांना मंद, मातकट सुगंध असतो आणि पाकळ्या एकेक करून गळतात. नोव्हेंबर-डिसेंबरात अशा झुडपाखाली पाकळ्यांचा सडा पडतो.

फूल उमलते हिवाळ्यात, पण कळी धरते उन्हाळ्यात. वसंतात नवी पालवी फुटते. ती जून झाली की जून-जुलैच्या उबदार, लांबलचक दिवसांत फांदीच्या टोकाशी आणि पानांच्या बगलेत फुलकळ्यांची बीजे तयार होतात. सप्टेंबरपर्यंत त्या सहज ओळखता येतात. पानाची कळी बारीक आणि टोकदार असते, तर फुलाची गोल आणि टपोरी. इथून पुढे कळी वाट पाहते ती थंडीची. उबेत ती धरते आणि गारव्यात उमलते, ही गोष्ट समजली, की या झाडाच्या निगराणीतले बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

कोणता वाण निवडावा?

हिवाळ्यात फुले हवी असतील तर आधी ससांक्वाकडे पाहावे. त्याची पाने लहान, बांधा हलका आणि ऊन सोसण्याची ताकद जापोनिकापेक्षा जास्त. कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना इथल्या नुशिओ नर्सरीचा ‘यूलटाइड’ हा वाण लाल एकेरी फुलांसाठी आणि त्यातल्या पिवळ्याधमक पुंकेसरांसाठी ओळखला जातो. नाताळाच्या सुमारास तो भरात असतो. ‘सेत्सुगेक्का’ची फुले पांढरी, मोठी आणि कडा लहरत्या. खिडकीखालची जागा भरायची असेल तर बुटका, पसरणारा ‘शिशिगाशिरा’ घ्यावा. तो कॅमेलिया हिएमालिस गटातला, गुलाबी फुलांचा आणि बराच काळ फुलत राहणारा.

सावली अधिक असेल तर जापोनिका. याची पाने रुंद आणि जाड, वाढ सावकाश आणि आयुष्य शतकांत मोजण्याइतके. यातले लवकर फुलणारे वाण शोधून घ्यावेत. ‘अल्बा प्लेना’ हा शुभ्र, पाकळ्यांचे थरावर थर रचलेला वाण १७९२ साली चीनमधून इंग्लंडला पोचला आणि आजही शरदाच्या अखेरीपासून फुलतो. फिकट गुलाबी ‘डेब्युटांट’ आणि गडद लाल ‘प्रोफेसर सार्जंट’ हे दक्षिणेतल्या जुन्या बागांचे लाडके वाण आहेत.

न्यू जर्सी, मेरीलँड, उत्तर व्हर्जिनिया या भागांत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गट आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस लागोपाठ आलेल्या कडक हिवाळ्यांत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातली बहुतेक कॅमेलियाची झाडे मेली. कॅमेलिया ओलिफेरा मात्र तगून राहिला. चीनमध्ये याच झाडाच्या बियांपासून खाद्यतेल काढतात. वॉशिंग्टनच्या या वृक्षोद्यानातले संशोधक विल्यम अॅकरमन यांनी ओलिफेराचा ससांक्वा आणि हिएमालिसशी संकर करून थंडीला टिकणारे वाण तयार केले. ‘विंटर्स स्टार’, ‘विंटर्स रोज’, ‘पोलर आइस’ ही त्यांतली काही नावे. ते शरदातच फुलून घेतात, त्यामुळे जानेवारीची कडाक्याची थंडी फुलांना गाठतच नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे थंडी मवाळ, पण उन्हाळ्यात ऊन कमी, म्हणून जापोनिकाला पुरेशा कळ्या धरत नाहीत. कॉर्नवॉलमधल्या केअरहेज इथे जे. सी. विल्यम्स यांनी युनानमधून आलेल्या कॅमेलिया सालुएनेन्सिसचा जापोनिकाशी संकर केला. त्यातून आलेला ‘विल्यम्साय’ गट कमी उजेडातही भरभरून फुलतो आणि ओसरलेली फुले स्वतःच टाकून देतो. यातले बरेच वाण हिवाळ्याच्या उत्तरार्धात फुलू लागतात.

थंडीपेक्षा उबेचा धोका

१७३०च्या दशकात लॉर्ड पीटर या उमरावाने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कॅमेलिया लावला. एसेक्समधल्या थॉर्नडन हॉल इथे त्याची काचघरे होती. पूर्वेकडून आलेले झाड म्हणजे त्याला उष्ण हवाच मानवणार, अशा समजुतीने ती झाडे तापवलेल्या काचघरात ठेवली गेली आणि तिथेच ती गेली, असे या वनस्पतीच्या इतिहासात सांगितले जाते.

याच्या उलट उदाहरण जर्मनीतले. ड्रेस्डेनजवळच्या पिलनिट्झ राजवाड्याच्या बागेत १८०१ पासून एक जापोनिका एकाच जागी उभा आहे. हिवाळ्यात त्याच्याभोवती लाकडी घर उभारले जाई. १९०५च्या जानेवारीत त्या घराला आग लागली. विझवायला मारलेले पाणी कडाक्याच्या थंडीत झाडावरच गोठले. झाड गेले असे सगळ्यांनी धरले होते, पण पुढे त्याला नवी पालवी फुटली. १९९२ पासून या झाडासाठी रुळांवर सरकणारे काचघर आहे. ते हिवाळ्यात झाडावर आणतात आणि आतले तापमान ४ ते ६ अंश सेल्सियसच ठेवतात, त्याहून जास्त नाही.

हा धडा आजच्या घरांनाही लागू आहे. कुंडीतला कॅमेलिया कळ्यांनी भरला, की तो दिवाणखान्यात आणून ठेवण्याचा मोह होतो. हिटरच्या कोरड्या, गरम हवेत त्या कळ्या पटापट गळतात. कुंडी पडवीत, बंद व्हरांड्यात किंवा हिटर नसलेल्या गॅरेजच्या खिडकीशी ठेवावी. कडक गोठण्याच्या रात्री कुंडीभोवती गोणपाट किंवा जुनी चादर गुंडाळावी, कारण कुंडीतली मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गोठतात.

सावलीची पारख

सावली म्हटली की सगळी सारखी नसते. कॅमेलियाला सर्वांत मानवते ती उंच पाइनची, सरकती सावली. वर विरळ शेंडे, खाली मोकळी हवा आणि जमिनीवर दिवसभर हलणारे कवडसे. मोकळ्या आकाशाचा उजेड मिळत असेल तर घराची उत्तर बाजूही चांगली. दाट मॅग्नोलियाखालची किंवा दोन घरांमधल्या अरुंद बोळातली काळोखी जागा मात्र टाळावी. तिथे झाड जगते, पण उंच आणि लुकडे होते आणि कळ्या मोजक्याच धरते. ससांक्वाला तर दिवसातले काही तास ऊन मिळालेले बरे.

जागा वर्षातून दोनदा पाहावी, एकदा जूनमध्ये आणि एकदा जानेवारीत. जूनमध्ये सावलीत असलेली जागा पानगळीनंतर उघडी पडते आणि हिवाळ्यातले कलते ऊन थेट तिथे पोचते. रात्री गोठलेल्या कळ्यांवर सकाळी लवकर पूर्वेचे ऊन पडले, की बर्फ झपाट्याने वितळते आणि पाकळ्या तपकिरी पडतात. हळूहळू वितळले तर नुकसान बरेच कमी होते. म्हणून थंड भागात पूर्वेकडची उघडी जागा टाळून उत्तर किंवा पश्चिम बाजू निवडावी आणि झोंबऱ्या वाऱ्याला आडोसा आहे ना, तेही पाहावे.

सावलीच्या जागेला आणखी दोन छुपे दोष असतात. पहिला कोरडेपणाचा. छपराच्या वळचणीखाली पाऊस पोचत नाही आणि मेपल, बर्च यांची वरवर पसरलेली मुळे ओलावा ओढून घेतात. पाइनची मुळे त्या मानाने खोल जातात, म्हणून त्याच्याखाली कॅमेलियाचे चांगले जमते. दुसरा दोष चुन्याचा. घराच्या काँक्रीटच्या पायातून चुना झिरपून लगतच्या मातीचा सामू (पीएच) वाढतो. कॅमेलियाला सामू ५.५ ते ६.५ लागतो. तो वाढला की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही आणि पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. म्हणून रोप भिंतीपासून किमान तीन-चार फूट दूर लावावे. काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात थोड्या पैशांत माती तपासून मिळते. लावणीआधी ती तपासून घ्यावी.

लावणी: हुंडी उंचावर

दक्षिणेत लावणीचा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. हवा थंड होते पण माती उबदार असते, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याआधी मुळांना जम बसवायला वेळ मिळतो. थंड राज्यांत मात्र वसंतात लावावे.

जॉर्जियाची तांबडी, चिकण माती पाणी धरून ठेवते आणि साचलेल्या पाण्यात कॅमेलियाची मुळे कुजतात. खड्डा खणल्यावर तो पाण्याने भरून पाहावा. काही तासांत पाणी जिरले नाही तर ती जागा सोडावी किंवा फूटभर उंचीचा गादीवाफा करावा. खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा, खोली मात्र हुंडीपेक्षा जास्त नको. तळाची माती मोकळी करू नये, कारण मोकळी माती पुढे बसते आणि तिच्यासोबत झाडही खचते. हुंडीचा माथा जमिनीपेक्षा एक-दोन इंच वर राहिला पाहिजे. दक्षिणेतले जुने माळी या एका गोष्टीबद्दल फार कडक असतात. उंचावर लावलेले झाड तरते आणि खोल लावलेले वर्षानुवर्षे रडतखडत राहते, असा त्यांचा अनुभव आहे. याचे कारण मुळांत आहे. कॅमेलियाची अन्न घेणारी बारीक मुळे मातीच्या वरच्या काही इंचांतच पसरतात आणि त्यांना हवा लागते.

याच कारणाने झुडपाखाली खुरपे चालवू नये. तण हाताने उपटावे आणि पाइनच्या सुया किंवा साली यांचे दोन-तीन इंचांचे आच्छादन करावे. ते खोडाला टेकू देऊ नये. आपल्या घरात रोज निघणारा चहाचा चोथाही इथे चालतो. मात्र दूध-साखर धुऊन काढून, वाळवून, पातळ पसरावा. जाड थर दिला तर त्याची पापडी धरते आणि पाणी खाली उतरत नाही. शिवाय तो खताला पर्याय नाही.

वर्षभराचे वेळापत्रक

फुले ओसरली की लगेच छाटणी करावी. ससांक्वाची हिवाळ्याच्या अखेरीस, जापोनिकाची वसंतात. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढाव्यात. झुडपातून एखादा पक्षी आरपार उडून जाईल इतके ते विरळ असावे, असे या झाडाचे शौकीन मानतात. जूननंतर कात्री लावली तर धरलेल्या कळ्याच कापल्या जातात. हौसेने लावलेल्या झाडाला फुलेच येत नाहीत, या तक्रारीमागे बऱ्याचदा उन्हाळ्यात उरकलेली ‘साफसफाई’ असते.

खत वसंतात छाटणीनंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा, तेही बेतानेच. अॅझेलिया-कॅमेलियासाठी मिळणारे आम्लधर्मी खत वापरावे. दक्षिणेत सरकीच्या पेंडीची चाल जुनी आहे आणि ती चांगलीही आहे. जुलैनंतर खत थांबवावे. उशिरा दिलेल्या खतामुळे कोवळी फूट येते आणि ती पहिल्याच थंडीत करपते.

जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे पाण्याचे महिने. आठवड्याला साधारण इंचभर पाऊस झाला नसेल तर तेवढे पाणी हळूहळू, खोल मुरेल असे द्यावे. या काळात झाड सुकले तर लगेच काही दिसत नाही. कळ्या हिरव्या राहतात, फुगतातही. नोव्हेंबरात मात्र त्या न उमलताच गळू लागतात आणि आपण दोष थंडीला देतो. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत उत्तम, कारण काही भागांतल्या नळाच्या जड पाण्यात चुना असतो. पहिल्या दोन उन्हाळ्यांत हे पथ्य कसोशीने पाळावे. नंतर मुळे पसरतात आणि झाड बरेचसे स्वतःचे स्वतः पाहते.

सप्टेंबरात जापोनिकाच्या एकाच टोकाला तीन-चार कळ्या दाटल्या असतील तर एक ठेवून बाकीच्या पिळून काढाव्यात. उरलेले फूल मोठे येते. ससांक्वाला याची गरज नाही, त्याची शोभा संख्येत आहे. प्रदर्शनात भाग घेणारे हौशी याच्या पुढे जातात. फुलकळीशेजारची पानाची कळी खुडून तिथे ते जिबरेलिक आम्लाचा एक थेंब सोडतात, त्यामुळे फूल आधी आणि मोठे उमलते. हे तेच संजीवक, जे नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ‘जीए’ या नावाने घडांवर वापरतात. घरच्या बागेला याची आवश्यकता नाही.

झाड आवडले आणि दुसरे करायचे ठरले तर आपल्याकडच्या डाळिंबवाल्यांची रीत इथे उपयोगी पडते. वसंतात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची सालीची कडी काढायची, तिथे ओले शेवाळ लावून प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळायचे आणि मुळे धरली की शरदात फांदी कापून लावायची. दक्षिणेतले कॅमेलियाप्रेमी अशीच गुटी बांधतात. बियांपासूनही रोप होते, पण फुलायला बरीच वर्षे लागतात आणि फूल मूळ झाडासारखे येईलच असे नाही.

रोग आणि किडी

या झाडाच्या तब्येतीची खबर पानाच्या खालच्या बाजूला मिळते. वरून पाने पिवळट ठिपक्यांची दिसू लागली, की पान उलटून पाहावे. खाली पांढरट कापसासारखे पुंजके आणि तपकिरी खवले दिसले तर ती टी स्केल ही खवले कीड. नावातला चहा योगायोगाने आलेला नाही, ती चहाच्या झुडपावरही पडते. बागेसाठी मिळणारे फवारणीचे तेल पानांच्या खालच्या बाजूला नीट मारावे, मात्र कडक उन्हात किंवा गोठत्या दिवशी नाही. पानांवर काजळी धरली असेल तर ती रस शोषणाऱ्या किडींच्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी असते. कीड गेली की काजळीही जाते.

वसंतात काही कोवळी पाने फुगून जाड, मांसल होतात. हाही बुरशीचाच प्रताप. ती एक्झोबॅसिडियम या प्रजातीतली असून याच प्रजातीतली दुसरी एक जात भारतातल्या चहामळ्यांत पानांवर फोड आणते. फुगलेली पाने पांढरी पडण्याआधी, म्हणजे बीजाणू सुटण्याआधी, खुडून कचऱ्यात टाकली की काम भागते.

सर्वांत त्रासदायक रोग पाकळ्यांच्या करप्याचा. जपानमध्ये नोंदलेली ही बुरशी १९३८ साली कॅलिफोर्नियात आढळली आणि तिथून पसरली. फुलावर तपकिरी डाग पडून तो शिरांमधून पसरतो आणि फूल एक-दोन दिवसांत कुजते. पडलेल्या फुलांतून तिच्या काळ्या, टणक गाठी जमिनीत उतरतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. त्यांना लहान छत्र्या फुटतात आणि त्यांतून बीजाणू उडतात, पण हे घडते हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात. नोव्हेंबर-डिसेंबरात फुलून मोकळा होणारा ससांक्वा या रोगातून आपोआप सुटतो. लवकर फुलणारे वाण घ्यावेत, याचे हे आणखी एक कारण. जापोनिकाखाली पडलेली फुले मात्र रोज वेचावीत आणि कंपोस्टच्या ढिगात न टाकता कचऱ्यात द्यावीत.

महाराष्ट्रात लावता येईल का?

हा प्रश्न येणारच. देशावर याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. आपली काळी माती चुनखडीची आणि अल्कधर्मी, विहिरी-बोअरचे पाणी जड, एप्रिल-मेचा उन्हाळा कोरडा आणि भाजून काढणारा. कळ्या फुगायला लागणारा सलग गारवाही इथे पुरेसा मिळत नाही. मातीचा प्रश्न कुंडीत सुटतो, हवेचा सुटत नाही. भारतात कॅमेलिया पाहायचा तर दार्जिलिंग, सिक्कीम, शिलाँगच्या बागांत हिवाळ्यात जावे. पुण्या-नाशिकच्या अर्ध्या सावलीत थंडीत फुले हवी असतील तर आपली कोरांटी लावावी. ती कमी पाण्यात, कुरकुर न करता फुलते.

जिथे कॅमेलियाला हवा मानवते, तिथल्या वाचकांना मात्र आग्रहाने सांगायचे आहे. या जूनमध्ये आपल्या अंगणातली सावली नीट पाहून ठेवा आणि माती तपासून घ्या. नोव्हेंबरात नर्सऱ्यांत झाडे फुलावर असतात. तेव्हा रंग डोळ्यांनी पाहून, पाने उलटून तपासून रोप आणा आणि हुंडी उंच ठेवून लावा. पुढचे दोन उन्हाळे त्याच्या पाण्याची पाळी चुकवू नका. जुलैत गावाला जाणार असाल, तर पाणी घालायला शेजाऱ्यांना सांगूनच निघा.